पायाखालचे पेडल काय सांगते?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी मोटारींचा तज्ज्ञ नाही, हे आधीच सांगून टाकतो. कोल्हापुरात एका शाळेत मी तीस वर्षे विज्ञान शिकवले. पास्कलचा नियम दरवर्षी एकदा तरी फळ्यावर यायचाच. 'बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो,' हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारले आहे की झोपेतून उठवले तरी म्हणेन. पुढचा प्रश्नही ठरलेला : या नियमाचा व्यवहारातील उपयोग सांगा. आणि उत्तरही ठरलेले : मोटारीचे ब्रेक.

पण हा नियम मला खऱ्या अर्थाने कळला तो २००४ सालच्या मे महिन्यात, एका शनिवारी संध्याकाळी, माझ्याच घराच्या अंगणात. त्या संध्याकाळी माझ्या गाडीचे ब्रेक लागले नाहीत. आणि ते ब्रेक त्याच दुपारी मी स्वतः दुरुस्त केले होते.

झाले असे. माझ्याकडे एक जुनी, दुसऱ्याकडून विकत घेतलेली छोटी मोटार होती. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, मागच्या चाकांना ड्रम ब्रेक. पुढून ब्रेक दाबताना कर्र कर्र असा आवाज येऊ लागला होता, म्हणजे पॅड झिजले होते. मागच्या डाव्या चाकाची आतली बाजू ओली दिसत होती, म्हणजे चाकातला छोटा सिलिंडर गळत होता. पुढच्या मंगळवारी आंबा घाट उतरून साखरप्याला भाचीच्या लग्नाला जायचे होते. शाळेला सुट्टी होती, हाताशी पाने होते, गाडीचे माहितीपुस्तक होते आणि अंगात थोडा अहंकारही होता. गॅरेजमध्ये हे काम होताना मी दोनदा जवळ उभे राहून पाहिले होते. म्हटले, यात अवघड ते काय?

मी पुढचे पॅड बदलले. मागचे दोन्ही ड्रम काढून नवे ब्रेक शू बसवले. डाव्या चाकातला गळका सिलिंडर काढून नवा लावला. सिलिंडर बदलायचा म्हणजे ऑइलचा पाइप सोडावा लागतो आणि पाइप सुटला की आत हवा शिरते. ही हवा काढावी लागते, एवढे मला ठाऊक होते. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला सीटवर बसवले. मी चाकापाशी बसून "दाब" म्हणायचे, त्याने पेडल दाबायचे, मी निपल सैल करून हवा सोडायची, निपल आवळायचे आणि "सोड" म्हणायचे. पंधरावीस वेळा हे केले. पेडल मऊ लागत होते, पण तीनचारदा भराभर दाबले की चांगले कडक व्हायचे. मी म्हटले, झाले काम! चाके चढवली, हात धुतले, चहा घेतला.

आमच्या अंगणाला फाटकाकडे थोडा उतार आहे. शेजारच्या काकूंचा पाच वर्षांचा नातू दुपारपासून फाटकाजवळच्या फरशीवर खडूने चित्र काढत बसला होता. मी चहा घेत असताना त्याच्या आजीने त्याला दूध प्यायला हाक मारली आणि तो उठून घरात गेला. दोन मिनिटांनी मी गाडी सुरू केली, हँडब्रेक सोडला. गाडी उताराला लागली. मी ब्रेक दाबला. पेडल जवळजवळ तळापर्यंत गेले आणि गाडी तशीच पुढे चालली. पाय उचलून पुन्हा दाबावे, हे त्या क्षणी सुचले नाही. हँडब्रेक ओढला, तो पार वरपर्यंत आला. गाडी मंदावली, पण थांबली ती फाटकाच्या खांबाला धडकूनच. दिवा फुटला. वेग माणसाच्या चालण्याइतका असेल, जास्त नाही.

खाली उतरून पाहिले. पुढचे चाक त्या मुलाच्या चित्रावर उभे होते. त्याने मोटारच काढली होती.

श्रोतेहो, तो दिवा पुढे मी दोनशे-तीनशे रुपयांत बदलला. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. काकूंनी हाक मारायला दोन मिनिटे उशीर केला असता तर, हा विचार मनातून जाईना. म्हणून आज तुमच्यापुढे बोलताना मी ब्रेक कसे बदलावेत, हे सांगणार नाही. ते ज्याचे काम त्याने करावे. ब्रेकचे काम झाल्यावर पेडल मऊ का लागते आणि ते काय सांगत असते, एवढेच सांगणार आहे. कारण काम कोणीही केले, तरी पेडलवर पाय आपलाच असतो.

रात्रीच मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. उद्यमनगरात त्याचे गॅरेज आहे. शाळेत शेवटच्या बाकावर बसायचा, विज्ञानात जेमतेम पास व्हायचा. आता सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. त्याने सगळे ऐकून घेतले आणि एकच वाक्य बोलला, "सर, गाडी तिथनं हलवू नका. मी सकाळी येतो."

रविवारी सकाळी तो आला. मी पाने काढून ठेवले होते. तो म्हणाला, "पाने राहू द्यात सर. आधी पेडल काय म्हणतंय ते बघू." आणि सीटवर बसला. बसल्या बसल्या मला विचारले, "पेडल खाली जातंय, का स्पंजासारखं लागतंय, का दाबून धरल्यावर हळूहळू बसत जातंय?"

मी म्हटले, "अरे, मऊ लागतंय. सगळे एकच ना?"

"नाही सर. तिन्ही दुखणी वेगळी आहेत."

हे वाक्य मी कधी विसरलो नाही. आपण सरसकट 'ब्रेक मऊ झाला' म्हणतो. वैद्याकडे जाऊन नुसते 'बरे वाटत नाही' म्हणावे, तसे ते आहे. त्या तीन दुखण्यांची ओळख त्याने मला करून दिली, तशीच मी तुम्हाला करून देतो.

पहिले दुखणे म्हणजे खोल जाणारे पेडल. पहिल्यांदा दाबले की पार खाली जाते, लगेच दुसऱ्या-तिसऱ्यांदा दाबले की वर येते आणि चांगले कडक लागते. थोडा वेळ थांबून दाबले की पुन्हा खाली. याचा अर्थ बहुधा असा, की ऑइल ठीक आहे, पण पॅड किंवा शू डिस्कपासून किंवा ड्रमपासून लांब राहिले आहेत. पहिल्या दाबातले ऑइल नुसते ते अंतर भरून काढण्यात खर्च होते. नवे पॅड बसवताना कॅलिपरचा दट्ट्या मागे ढकलावा लागतो. त्यामुळे काम झाल्यावर पहिले काही दाब दट्ट्या जागेवर येण्यातच जातात. हे तात्पुरते असते, पण ते पंपिंग गाडी हलवण्याआधी, उभ्या गाडीत करायचे असते. पॅड बदलल्यावर तसेच गाडी काढून भिंतीवर आदळलेले लोक आहेत. ड्रममध्ये मात्र शू आणि ड्रम यांतले अंतर जुळवावे लागते. काही गाड्यांत ते आपोआप जुळते, काहींत हाताने जुळवावे लागते. चाकाचे बेअरिंग सैल असेल किंवा डिस्क वाकडी फिरत असेल, तरीही ती पॅडना मागे ढकलते आणि पुढचा पहिला दाब खोल जातो.

दुसरे दुखणे स्पंजासारख्या पेडलचे. पाय दाबला की पायाखाली रबरी चेंडू असल्यासारखे वाटते. पंप केल्यावर पेडल थोडे वर येते, पण वर आल्यावरही ते दबतेच. दगडासारखे होत नाही. हे बहुतेक वेळा पाइपातल्या हवेचे लक्षण. क्वचित जुना रबरी पाइप दाबाखाली फुगत असतो, किंवा शू आणि पॅड नीट न बसल्याने वाकत असतात.

तिसरे दुखणे बसत जाणाऱ्या पेडलचे. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत पंप करायचे आणि मग एकसारखा दाब देऊन मिनिटभर धरून ठेवायचे. पेडल पायाखालून हळूहळू खाली जाऊ लागले, तर ऑइल कुठेतरी निसटते आहे. ते बाहेर गळत असेल तर टाकीतली पातळी उतरते, चाकाच्या आत किंवा पाइपाच्या जोडावर ओल दिसते. बाहेर कुठेच ओल नाही, पातळीही कायम आहे आणि पेडल मात्र बसते आहे, तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबर ऑइल अडवत नाही. म्हणजे ऑइल आतल्या आत मागे फिरते आहे. हे तिन्हींतले सर्वात धोक्याचे. अशी गाडी चालवत नेऊ नये, ओढून न्यावी.

येथे एक खुलासा. बऱ्याच गाड्यांत इंजिनाच्या ओढीवर चालणारा बूस्टर असतो. इंजिन बंद असताना पेडल कडक करून दाबून धरले आणि मग इंजिन सुरू केले, तर पेडल किंचित खाली जाते आणि थांबते. तो दोष नाही. बूस्टर काम करतो आहे, याची ती खूण आहे. पण न थांबता खाली जातच राहिले, तर तो दोष आहे.

आता माझ्या गाडीकडे वळू. मिस्त्रीने पेडल दाबून धरले. मिनिटभर ते जागचे हलले नाही. म्हणजे तिसरे दुखणे नव्हते. मग सोडून थोडा वेळ थांबला आणि पुन्हा दाबले. खोल गेले. पंप केले, वर आले, पण वर आल्यावरही थोडे दबत होते. तो म्हणाला, "सर, तुमच्याकडे दोन्ही आहेत. अंतरही आहे, हवाही आहे. कुठलं किती, ते बघू." त्याने हँडब्रेक पूर्ण ओढला आणि पुन्हा पेडल दाबले. पेडल पूर्वीपेक्षा बरेच वर थांबले!

मला आश्चर्य वाटले. कारण अगदी साधे आहे. हँडब्रेक मागच्या चाकांतले तेच शू तारेने ओढून ड्रमला टेकवतो. शू आधीच टेकलेले असले, की ऑइलला ते अंतर कापावे लागत नाही आणि पेडल वर राहते. म्हणजे हँडब्रेक ओढल्यावर पेडल वर आले, तर दोष मागच्या शूंच्या अंतरात. मी नवे शू बसवले होते, पण अंतर जुळवलेच नव्हते. हँडब्रेक पार वरपर्यंत का आला, याचेही उत्तर तेच.

रात्री मी कागदावर हिशेब मांडून पाहिला. समजा, प्रत्येक शू जरुरीपेक्षा १ मिलिमीटर लांब आहे. मागच्या चाकांत मिळून चार दट्ट्ये. प्रत्येकाचा व्यास साधारण १७.५ मिलिमीटर धरला, तर प्रत्येकी सुमारे पाव मिलिलिटर, म्हणजे एकूण जवळजवळ १ मिलिलिटर ऑइल जादा लागते. मास्टर सिलिंडरचा व्यास १९ मिलिमीटर धरला, तर एवढ्या ऑइलसाठी त्याचा दट्ट्या सुमारे साडेतीन मिलिमीटर सरकतो. पेडलची तरफ चौपट धरली, तर पेडल चौदा मिलिमीटर जादा खाली जाते. नखाएवढे अंतर चाकात, आणि अंगठ्याच्या रुंदीएवढे पायाखाली! हे गणित मी वर्गात शंभर वेळा सोडवले असते, पण ते आपल्या गाडीला लावावे, हे सुचले नव्हते.

मिस्त्रीने गाडीला पुढून दगड लावले, हँडब्रेक सोडला, मागची चाके उचलून घोड्यांवर ठेवली आणि ड्रम काढले. आतले दातेरी चाक फिरवून शू बाहेर सरकवले. ड्रम चढवून हाताने फिरवून पाहिला. किंचित घासल्याचा आवाज यावा, पण ड्रम अडकू नये, इतपत जुळवले. दोन्ही बाजू झाल्यावर पेडल दाबले. खोल जाणे जवळजवळ थांबले. राहिला तो स्पंजपणा.

तो हवेचा. येथेच पास्कल आणि बॉइल हातात हात घालून येतात. ऑइल दाबले तरी जवळजवळ आकसत नाही. म्हणून पायाचा दाब चाकापर्यंत पोहोचतो. हवा मात्र आकसते. तापमान तेच धरले, तर पन्नासपट दाबाखाली ५ मिलिलिटर हवेची ०.१ मिलिलिटर होते. म्हणजे मास्टर सिलिंडरने ढकललेले जवळपास ५ मिलिलिटर ऑइल नुसती हवा दाबण्यात संपते. मास्टर सिलिंडर एका दाबात मुळात थोडेच मिलिलिटर ऑइल ढकलतो. मग चाकासाठी उरणार काय?

"पण मी तर हवा काढली होती," मी म्हटले.

"कशी काढली ते दाखवा," तो म्हणाला. मुलाला पुन्हा सीटवर बसवले आणि आम्ही दोघांनी कालचेच करून दाखवले. दोन वेळा झाल्यावर त्याने थांबवले. "सर, तुम्ही निपल आवळायच्या आधीच हा पाय उचलतोय. पाय उचलला की बाहेरची हवा परत आत ओढली जाते." मग त्याने बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी दाखवली. पातळी खालच्या रेघेच्याही खाली गेली होती. आम्ही चाकापाशी हवा काढत होतो आणि कदाचित वरून टाकीतून नवी हवा आत घेत होतो!

मग त्याने आम्हाला धडा घालून दिला. निपलला पारदर्शक नळी लावायची आणि नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवायचे. सीटवरच्याने पेडल दाबले, की त्याने मोठ्याने "दाबलं" म्हणायचे आणि धरून ठेवायचे. चाकापाशी बसलेल्याने निपल उघडायचे, ऑइल आणि बुडबुडे येऊ द्यायचे, निपल आवळायचे आणि मगच "सोड" म्हणायचे. तोवर पाय हलवायचा नाही. दर चारपाच दाबांनी टाकी भरायची. टाकी रिकामी होत आली होती, म्हणून त्याने चारही चाकांची हवा काढली. सर्वसाधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. पण काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, म्हणून माहितीपुस्तक पाहावे.

आणखी एक गोष्ट त्याने केली. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला, म्हणजे पेडल पार तळाला जाणार नाही. का, ते विचारले. म्हणाला, "जुन्या मास्टर सिलिंडरात रबर रोज फिरतं तेवढाच भाग गुळगुळीत असतो. त्याच्या पुढं गंज, कीट बसलेलं असतं. पेडल तळाला नेलं की रबर त्याच्यावर घासतं आणि फाटतं. हवा काढायला गेलात आणि मास्टर घालवून बसलात, असं होतं." म्हणजे दुसऱ्या दुखण्यावर उपचार करताना तिसरे दुखणे ओढवून घेण्यासारखे!

डाव्या मागच्या चाकातून सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे आले. मग मोठे, मग बारीक, मग नुसते स्वच्छ ऑइल. पेडल पायाखाली दगडासारखे झाले. तो फरक शब्दांत सांगता येत नाही. एकदा पायाला कळला, की पाय विसरत नाही.

काम करता करता त्याने गॅरेजमधला एक किस्सा सांगितला. एका तरुणाने घरी पुढचे दोन्ही कॅलिपर उघडून स्वच्छ केले आणि परत बसवले. तीन बाटल्या ऑइल संपले, तरी पेडल स्पंजच. मिस्त्रीने गाडीखाली वाकून नुसते पाहिले आणि दोष सापडला. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता. त्यामुळे हवा काढण्याचे निपल वर असायचे ते खाली आले होते. हवा नेहमी वर जाऊन बसते. निपल खाली असेल, तर जन्मभर ऑइल काढत राहिलात तरी वरची हवा निघणार नाही. बाजू बदलल्या आणि दहा मिनिटांत काम झाले. म्हणून हवा निघतच नसेल, तर आणखी ऑइल ओतण्याआधी निपल सर्वात वर आहे ना, हे पाहावे.

ऑइलबद्दलही दोन शब्द. ब्रेक ऑइल हे नावाचेच ऑइल. बहुतेक गाड्यांतले डॉट ३ किंवा डॉट ४ या प्रकारचे ऑइल ग्लायकॉल वर्गातले असते. त्यात इंजिन ऑइल किंवा डिझेल चुकूनही पडता कामा नये, आणि रबरी भाग त्यांनी धुऊही नयेत. रबर फुगते आणि निकामी होते. डॉट ५ हे सिलिकोनचे. ते यात मिसळू नये. ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर रंग जातो, लगेच पाण्याने धुवावे. आणि मुख्य म्हणजे ते हवेतले पाणी शोषून घेते. कोऱ्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरलेला चालतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. म्हणून अर्धवट उघडी राहिलेली जुनी बाटली किंवा निपलमधून काढलेले ऑइल पुन्हा टाकीत ओतू नये.

हे आकडे पुस्तकी वाटतील, पण घाटात ते पायाखाली येतात. आंबा घाट असो की कुंभार्ली, लांब उतारावर सारखा ब्रेक धरून ठेवला, की चाकातली उष्णता ऑइलपर्यंत पोहोचते. पाणी मुरलेले ऑइल उकळते, त्याची वाफ होते आणि वाफही हवेसारखीच दबते. सकाळी घरून निघताना दगडासारखे असलेले पेडल घाटाच्या मध्यावर अचानक तळाला जाते. म्हणून ऑइल गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेल्या मुदतीत बदलावे. आणि घाट उतरताना खालचा गिअर टाकून गाडी इंजिनावर आवरावी, गिअर काढून गाडी सोडू नये.

माझ्या मनात आता एकच होते. पेडल कडक झाले, मंगळवारी लग्नाला जायला मोकळे. तसे बोललोही. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "सर, राग मानू नका. घाट आत्ता नको. नवे शू ड्रमला अजून पूर्ण टेकलेले नाहीत. आठवडाभर गावात चालवा, सावकाश. मग मी पुन्हा अंतर बघतो, जोड बघतो. त्याच्यानंतर पाहिजे तिकडं न्या." मी थोडी घासाघीस केली. घरात सगळ्यांना गाडीने जायचे होते. मुलगा नाराज, सौभाग्यवती गप्प. तेवढ्यात शेजारचा तो मुलगा फाटकातून आत आला आणि आपल्या पुसट झालेल्या चित्राकडे पाहत उभा राहिला. मी पुढे बोललो नाही.

आम्ही एसटीने साखरप्याला गेलो. घाट उतरताना मी खिडकीतून दरी पाहिली नाही. चालकाचा पाय पाहत होतो.

आज काळ बदलला आहे. नव्या गाड्यांत एबीएस आले आहे. त्याच्या यंत्रात हवा अडकली, तर अनेक गाड्यांत ती काढायला गॅरेजमधले संगणकी उपकरण जोडावे लागते. घरी पाना घेऊन बसणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही, आणि ते एका परीने बरेच आहे. पण पाइपात ऑइलच आहे, पास्कलचा नियम तोच आहे आणि पेडलची भाषाही तीच आहे.

म्हणून ब्रेकचे काम घरी होवो की गॅरेजात, गाडी ताब्यात घेताना एवढे करावे. गाडी सपाट जागी उभी असताना, इंजिन बंद ठेवून पेडल पंप करा आणि कडक झाल्यावर मिनिटभर दाबून धरा. बसते का पाहा. मग सोडून पाच मिनिटे थांबा आणि पुन्हा एकदाच दाबा. पहिलाच दाब उंच आणि घट्ट लागला पाहिजे. मी चहा घेण्याआधी पंप करून पाहिले होते. चहानंतरचा तो पहिला दाब मी उतारावर पाहिला. चूक तिथे झाली. नंतर इंजिन सुरू करून पाहा, टाकीची पातळी पाहा, चाकांच्या आत कोरडा कागद फिरवून ओल पाहा. मग माणसे नसलेल्या मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगाने दोनतीनदा ब्रेक लावून पाहा. हे सगळे मिळून पंधरा मिनिटांचे काम आहे.

आणि पंप केल्यावर कडक होते, म्हणून ठीक आहे, असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. ती तापाची गोळी आहे. ताप उतरतो, दुखणे जागेवर राहते. रस्त्यात एखादे मूल आडवे आले, तर पंप करायला वेळ नसतो. पहिला दाब हाच खरा ब्रेक.

जाता जाता सांगतो. मिस्त्रीने त्या दिवशी ऑइलचे पैसे आणि मजुरी दोन्ही घेतले. 'सर' म्हणून सोडून दिले नाहीत. मला ते आवडले. आठवड्याने तो सांगितल्याप्रमाणे आला, अंतर पुन्हा जुळवले आणि म्हणाला, "आता घाट चालेल." पुढच्या वर्षी पास्कलचा नियम शिकवताना उदाहरण मी तेच दिले, पण वर्गाला आधी एक प्रश्न विचारला : पाइपात हवा गेली तर काय होईल? तो प्रश्न माझ्या पाठ्यपुस्तकात नव्हता.